आरोग्य तुमच्या हातात! पण हात कुणाच्या हातात?

मागच्या आठवड्यात आपल्या एसटी डेपोत आरोग्य तपासणी शिबिर झालं. मंडप, बॅनर, दीपप्रज्वलन, सत्कार, सगळं रीतसर. बाहेरून आलेल्या डॉक्टर मॅडम चांगलं बोलल्या. रक्तदाब, मधुमेह, मीठ, साखर, चालणं, झोप. शेवटी म्हणाल्या, "मित्रांनो, एक लक्षात ठेवा, आपलं आरोग्य आपल्याच हातात आहे."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक चालक बोलला, "मॅडम, हातात तर स्टेरिंग हाय."

मंडप हसला. मॅडम हसल्या. मीही हसलो. चहा-बिस्किटं झाली, ऑफिसात येऊन मी बातमी केली. मथळा दिला, 'आरोग्य आपल्याच हातात'. प्रमुख पाहुण्यांपासून आभार मानणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं बातमीत आली. त्या चालकाचं वाक्य तेवढं आलं नाही.

रात्री झोपताना ते वाक्य परत आठवलं आणि वाटलं, अख्ख्या कार्यक्रमात खरी बातमी तेवढीच होती. तीच माझ्याकडून सुटली. वीस-बावीस वर्षं बातमीदारी करूनही असं होतं. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे. चहा घेऊन बसा, साखर कमी टाका.

दुसऱ्या दिवशी डेपोत जाऊन त्या चालकांना गाठलं. नाव लिहू नका म्हणाले, नाही लिहीत. वय एकावन्न. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. गोळ्या चालू आहेत, कधीमधी चुकतात.

मी विचारलं, "काका, काल असं का बोललात?"

म्हणाले, "साहेब, चेष्टा न्हवती ती. डॉक्टर म्हणत्यात, वेळेवर जेवा. स्टँडवर गाडी दहा मिनटं थांबती. त्यात लघवीला जायचं, कंट्रोलरकडं नोंद करायची, आन् खायाचं. दहा मिनटात वडापाव हुतो, भाकरी हुत न्हाय. डॉक्टर म्हणत्यात, पाणी भरपूर प्या. प्यालो तर गाडी कुठं थांबवू? मागं पन्नास माणसं बसल्याली असत्यात. डॉक्टर म्हणत्यात, रोज सकाळी चाला. मुक्कामाची गाडी असली तर सकाळी साडेपाचला मी परगावातनं निघतो. आन् उद्या कुठली गाडी लागणार, हे आज सांजच्याला कळतं. सांगा, चालायचं कवा ठरवू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं आणि आलो.

आता थोडं माझ्या घरचं सांगतो, म्हणजे दुसरी बाजूही कळेल. नाहीतर तुम्ही म्हणाल, पत्रकार आहे, सगळं सरकारवर ढकलून मोकळा झाला.

आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, पन्नाशीत बीपी निघालं. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. दादा महिनाभर घ्यायचे, बरं वाटलं की बंद. आईनं बोललं की एकच उत्तर, "जे व्हायचं ते चुकत नाही. आमच्या आज्यानं कुठं गोळ्या खाल्ल्या होत्या?" जेवणात लोणचं, वर मीठ वेगळं. एके दिवशी पहाटे तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. पुढची दोन वर्षं खाटेवर काढली. त्या दोन वर्षांत आईचं काय झालं, ते मला लिहायचं नाही.

दादांकडे वेळ होता, गोळीला पैसे होते, घरात काळजी घेणारं माणूस होतं. नव्हतं ते एवढंच, की माझ्या करण्यानं काही फरक पडेल हा विश्वास.

म्हणजे एकीकडे दादा, ज्यांच्या हातात बरंच काही होतं पण त्यांना तसं वाटत नव्हतं. दुसरीकडे हे चालक काका, ज्यांना सगळं कळतं पण ज्यांच्या हातात फार थोडं आहे. आपली शिबिरं आणि भाषणं या दोघांना एकाच वाक्यात गुंडाळतात. मला तक्रार करायची आहे ती याच गोष्टीची.

या विषयावर जगात बराच अभ्यास झालाय. गेले आठ दिवस जमेल तसं वाचत होतो. त्यातलं थोडं सांगतो.

ज्युलियन रॉटर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली एक कल्पना मांडली. आयुष्यात जे घडतं त्याची दोरी स्वतःच्या हातात आहे असं काही माणसांना वाटतं, आणि काहींना वाटतं की ती बाहेर कुणाच्या तरी हातात आहे. पुढे १९७८ मध्ये केनेथ वॉलस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास आरोग्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन कप्पे आहेत: माझी तब्येत माझ्या हातात, माझी तब्येत डॉक्टर किंवा घरच्यांच्या हातात, आणि माझी तब्येत नशिबाच्या हातात. आपल्या प्रत्येक घरात या तिन्ही कप्प्यांतली माणसं सापडतील. आमचे दादा तिसऱ्यातले. 'डॉक्टर, एक सलाईन लावा आणि मोकळं करा' म्हणणारे दुसऱ्यातले.

'माझ्या हातात आहे' असं वाटणारी माणसं व्यायाम करणं, तंबाखूपासून लांब राहणं, या गोष्टी जास्त करतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण हा संबंध फार घट्ट नाही, सैलसर आहे. नुसता विश्वास पुरत नाही. त्या विश्वासाला धरायला काहीतरी लागतं.

हे 'काहीतरी' काय असतं, ते मला दोन जुन्या अभ्यासांत सापडलं.

पहिला १९७६ सालचा. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातला एक वृद्धाश्रम. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी तिथे एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं, खोलीत काय कुठे ठेवायचं ते तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे घ्या एक रोपटं, याला पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावरही रोपटं दिलं, सिनेमा दाखवला, पण सगळं ठरवलं कर्मचाऱ्यांनी. रोपट्याला पाणीसुद्धा नर्सनंच घातलं. तीन आठवड्यांनी पाहिलं तर पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडती-फिरती, जास्त सावध आणि आनंदी होती. ठरवायला मिळालेल्या गोष्टी किती बारक्या! पण खरोखर त्यांच्या हातातल्या.

दुसरा लंडनचा, सरकारी नोकरांचा. याला 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणतात. १९६७ मध्ये सुरू झाला, सतरा हजारांहून जास्त पुरुष कर्मचारी त्यात होते. सगळे एकाच सरकारचे नोकर, सगळ्यांना पगार, कुणीही उपाशी नाही. तरी पुढच्या दहा वर्षांत सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचं, म्हणजे शिपाई-दरवानांचं, मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. खालचे लोक बिड्या-सिगारेट जास्त ओढतात म्हणून असेल, असं आपल्याला वाटेल. ते होतंच, पण त्यानं फरकाचा काही भागच सुटला. मग १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात दहा हजारांहून जास्त स्त्री-पुरुष घेतले. त्यातून पुढे आलं की ज्यांना आपलं काम कधी आणि कसं करायचं हे ठरवता येत नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त.

हे वाचलं तेव्हा मला आपले काका आठवले. 'हातात तर स्टेरिंग हाय.' लंडनच्या लोकांनी हजारो माणसं वर्षानुवर्षं तपासून जे शोधलं, ते ह्या माणसानं चार शब्दांत सांगितलं आणि आपण हसलो.

आता कुणी म्हणेल, डेपोचं राहू द्या, घरात बसलेल्या बायकांना तर वेळच वेळ आहे. त्यांच्याविषयी आपल्या वॉर्डातल्या आशाताई काय म्हणाल्या ते सांगतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्या घरोघरी जाऊन भरतात. वय किती, तंबाखू खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, आणि आठवड्यात दीडशे मिनिटं व्यायाम होतो का. गुण चारच्या वर गेले की तपासणीला पाठवायचं.

ताई म्हणाल्या, "दादा, व्यायामाचा प्रश्न विचारला की बायका माझ्याकडं बघून हसतात. म्हणतात, ताई, दिवसभर उभीच असते, ह्यात धरा की. मी म्हणते, नाही, वेगळं चालायला पाहिजे. तर म्हणतात, कुठं चालू? संध्याकाळी स्वयंपाक. सकाळी अंधारात रस्त्यावर कुत्री, ट्रॅक्टर. आणि सासूबाई म्हणतात, कामं सोडून कुठं मिरवायला निघालीस?"

आणि खाणं? डॉक्टर सांगतात, भाजीत तेल-मीठ कमी करा. स्वयंपाक तिच्या हातात, पण चव नवऱ्याच्या आणि पोरांच्या हातात. भाजी अळणी झाली की ताट सरकवलं जातं. मग नवऱ्यासाठी झणझणीत, पोरांसाठी वेगळं, आणि तिच्या वाट्याला शेवटी जे उरेल ते. रक्तदाब तिला. सल्लाही तिलाच.

हे सांगताना मी बाहेर नाही. आमच्या घरात पाच वर्षांपूर्वीपर्यंत हेच होतं, आणि ताट सरकवणारा मीच होतो.

मग करायचं काय? सगळं व्यवस्थेवर सोडून द्यायचं? तसं केलं तर आपण पुन्हा दादांच्याच कप्प्यात. फक्त नशिबाच्या जागी सरकार बसलं, एवढाच फरक.

माझ्या माव्याची गोष्ट सांगतो. जुन्या लोकांना माहीत आहे, सोळा वर्षं मावा खायचो. दिवसाला सहा-सात पुड्या. कितीतरी जणांनी सोडायला सांगितलं. कॅन्सरचे फोटो दाखवले. ते फोटो बघून टेन्शन यायचं, आणि टेन्शन आलं की पाय पहिले टपरीकडे वळायचे. खूपदा सोडला, खूपदा धरला. प्रत्येक वेळी 'आपल्याच्यानं होत नाही' हे मनात आणखी पक्कं होत गेलं.

मग दाताच्या एका डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न विचारला. म्हणाले, "दिवसातली कुठली पुडी सोडायला सगळ्यात सोपी?" मी विचार केला. दुपारी जेवणानंतरची. त्या वेळी घरी असतो, पोरगी शेजारी असते, लपून खावी लागते. डॉक्टर म्हणाले, "तेवढी सोडा. बाकीच्या चालू द्या. पंधरा दिवसांनी या."

तेवढी सुटली. पंधरा दिवसांनी त्यांनी दुसरी विचारली. सगळं सुटायला दोन वर्षं गेली. मधे एका निवडणुकीच्या धामधुमीत परत सुरू झालं, पण तेव्हा एक माहीत झालं होतं की एकदा कमी केलाय, म्हणजे परत करता येतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये हेच लिहून ठेवलंय. 'मला हे जमेल' हा विश्वास भाषणापेक्षा स्वतः काहीतरी करून जमल्यानं जास्त येतो. आधी बारकं यश, मग विश्वास, मग मोठी सवय. आपण उलटं करतो. आधी विश्वास ठेवा म्हणून ओरडतो, आणि बारकं काही करायला जागाच ठेवत नाही.

पण माझी पुडी सुटली तेव्हाही कोपऱ्यावरची टपरी चालूच होती, आजही आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, सुगंधी तंबाखू-सुपारीवरही बंदी आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, म्हणजे दर चार माणसांत एकाहून जास्त. कॉलेजच्या फाटकासमोर पुडी लटकवायची आणि आत 'व्यसनमुक्ती तुमच्या हाती' म्हणून निबंध स्पर्धा घ्यायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

एकट्याच्या हातात जे नसतं, ते चार हात मिळून धरता येतं. आपल्याच राज्यात याचं उदाहरण आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं गुप्त मतदान घेता येतं. उभी बाटली की आडवी बाटली. गावातल्या एकूण मतदार महिलांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. त्यातल्या एकेकीनं वर्षानुवर्षं घरात नवऱ्याला सांगून बघितलेलं असतं, काही झालेलं नसतं. सगळ्यांनी मिळून शिक्का मारला की कुलूप लागतं. नियंत्रण म्हणजे फक्त मनाचा निग्रह नव्हे, हे आपल्या आया-बहिणींनी कधीच ओळखलंय.

तर आता आपल्या गावाचं. तीन गोष्टी मांडतो, तिन्ही बारक्या आहेत.

एक. नगरपरिषदेचं मैदान. दोन वर्षांपूर्वी तिथे चालायचा ट्रॅक झाला, व्यायामाची साधनं बसली, उद्घाटनाची बातमी मीच केली. आज त्या फाटकाला सकाळी आठपर्यंत कुलूप असतं. मी चौकशी केली तर उत्तर मिळालं, "वॉचमनची ड्युटी आठला सुरू होते." सकाळी आठला कोण चालायला जातं? आठला माणूस कामाला लागतो. तोवर पहाटे आपल्या बायका हायवेच्या कडेनं, उसाच्या ट्रॉल्या चुकवत चालतात. फाटक पाच वाजता उघडा आणि ट्रॅकवरचे बंद दिवे चालू करा. नवीन निधी नको, एक किल्ली आणि चार बल्ब.

दोन. डेपो. आठवड्याची ड्युटी आठवड्याच्या आधी फलकावर लावा. अडचण येते, माणूस रजेवर जातो, बदल होणार, मान्य. पण सातातले पाच दिवस जरी आधी कळले तरी माणूस आपला दिवस आखू शकतो. आणि जेवणाच्या वेळेच्या फेरीला दहाऐवजी वीस मिनिटांचा थांबा द्या. प्रवाशांनीही तेवढी दहा मिनिटं समजून घ्यावीत. गाडी थांबली की दारावर थापा मारणारे आपणच असतो.

तीन. सरकारी दवाखाना. बीपी-शुगरची तपासणी आठवड्यातून एकाच दिवशी, सकाळच्या वेळात. रोजंदारीच्या माणसाला त्यासाठी एक हजेरी बुडवावी लागते. गोळ्या कधी पंधरा दिवसांच्या मिळतात, कधी 'पुढच्या आठवड्यात या'. मग गोळी चुकते, आणि आपण म्हणतो, पेशंट बेफिकीर आहे. महिन्याच्या गोळ्या एकदम द्या आणि आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी तपासणी ठेवा. बाजाराच्या दिवशी ठेवली तर वाडी-वस्तीवरचे लोकही येतील.

हे सगळं झालं तरी शेवटी ट्रॅकवर पाय ठेवायचा तो आपणच, गोळी गिळायची ती आपणच. त्यात कुणाची सूट नाही, माझीही नाही. कुणाचा हात किती मोकळा आहे हे बघून मग उपदेश करा, एवढंच म्हणणं आहे. ज्याचा हात मोकळा आहे आणि तरी तो हलवत नाही, त्याला जरूर टोका. माझ्या दादांना मी पुरेसं टोकलं नाही, ते आजही सलतं. पण ज्याचा हात बांधलेला आहे, त्याला आधी सोडवा.

काकांकडे परवा परत गेलो होतो. दाताच्या डॉक्टरांचा प्रश्न त्यांना विचारला, "काका, यातलं सगळ्यात सोपं काय?"

थोडा वेळ विचार करून म्हणाले, "च्यातली साखर. ती मातुर माझ्या हातात हाय. दिसाला सात-आठ च्या हुत्यात."

मग म्हणाले, "आन् ड्युटी आधी कळली, तर घरनं भाकरी बांधून आणीन. ती मालकीणच देती म्हणाली हाय."

म्हणजे साखर काकांकडे लागली, फलक डेपोकडे. दोघांनी आपापलं केलं तर पुढच्या शिबिरात त्या मॅडमचं वाक्य खरं ठरेल.

तिन्ही मागण्यांचं निवेदन तयार आहे. येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता नगरपरिषदेत द्यायचं, तिथून डेपो, तिथून दवाखाना. पक्ष, गट, झेंडा काही नाही. सह्यांचा कागद माझ्या ऑफिसात आहे. पहाटे हायवेनं चालणाऱ्या ताई-माईंनी तर नक्की या. अकरा वाजता स्वयंपाक असेल तर आदल्या दिवशी सही करून जा, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक घरातल्या दादांनी करावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. माझ्या घरात मंगळवारी मी करणार आहे. भाजी अळणी झाली तरी ताट कुणी सरकवणार नाही, असं आश्वासन घेतलंय.